मॉरिशस बेटाची ओळख

(हा धडा मोठा आहे. एका बैठकीत संपवण्याची घाई करू नका. रोज एक भाग वाचा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.)

१. बेट कुठे आहे?



चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन असली, की त्या जमिनीला बेट म्हणतात. अरुणावतीला पूर आला की पात्रातला एखादा उंचवटा कोरडा राहतो. तेवढ्यापुरते ते बेटच असते. पण आज आपण खऱ्या, मोठ्या बेटाची ओळख करून घेणार आहोत. त्याचे नाव मॉरिशस.

मॉरिशस हिंदी महासागरात आहे. मुंबईहून विमानाने गेले तर सहा-साडेसहा तास लागतात. पूर्वी शिडाच्या जहाजाने जात, तेव्हा आठवडेच्या आठवडे मोडत.

पृथ्वीच्या बरोबर मधून एक रेघ काढली आहे असे समजा. तिला विषुववृत्त म्हणतात. आपली पोहरादेवी या रेघेच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. मॉरिशस या रेघेच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. म्हणजे रेघेपासून दोन्ही ठिकाणे जवळजवळ सारख्याच अंतरावर. फरक एवढाच, की आपण अलीकडे आणि ते पलीकडे. त्यामुळे तिथले ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात अंग भाजून निघते, तेव्हा तिथे थंडीची चाहूल लागलेली असते. आपण डिसेंबरात शेकोटी पेटवतो, तेव्हा तिथे उकाडा सुरू होतो. उन्हाळ्यातच तिथे पाऊस जोर धरतो आणि चक्रीवादळाची भीती असते. मात्र समुद्र जवळ असल्यामुळे आपल्यासारखा कडक उन्हाळा तिथे पडत नाही.

बेट लहान आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. वस्ती सुमारे साडेबारा लाख.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. मॉरिशसचा दगड आपल्या वऱ्हाडच्या दगडासारखाच काळा आहे. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला आणि थिजला. त्यातून हा काळा दगड तयार झाला. आपल्याकडे हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले. मॉरिशसमध्ये ते फार अलीकडे घडले, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी! दोन्हीकडचा रस जमिनीखालच्या एकाच भट्टीतून आला, असे भूगर्भाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मानतात. आपली कपाशीची काळी जमीन आणि तिकडची उसाची जमीन यांचे असे दूरचे नाते आहे.

बेटाच्या भोवती समुद्रात पोवळ्यांची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. म्हणून किनाऱ्याजवळचे पाणी तळ्यासारखे शांत आणि निळे दिसते. ते पाहायला जगभरातून प्रवासी येतात. पण आपण नुसते पाणी पाहून परतणार नाही. एकेक ठिकाण पाहू आणि तिथे काय घडले तेही वाचू.

२. पोर्ट लुई आणि ल मॉर्नचा डोंगर

पोर्ट लुई ही मॉरिशसची राजधानी. ते मोठे बंदर आहे.

या बेटावर पूर्वी माणसांची वस्ती नव्हती. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होते, पण तिथे कोणी राहिले नाही. १५९८ साली डच लोक उतरले. त्यांच्या राजपुत्राचे नाव मॉरिस. त्याच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले. तिथे डोडो नावाचा एक मोठा पक्षी होता. त्याला उडता येत नसे. माणसाची भीती त्याला माहीत नव्हती. माणसांनी त्याची शिकार केली. माणसांबरोबर आलेल्या डुकरांनी, माकडांनी आणि उंदरांनी त्याची अंडी खाल्ली. शंभर वर्षे व्हायच्या आत डोडो पार नाहीसा झाला. आज पोर्ट लुईच्या संग्रहालयात त्याची हाडे तेवढी पाहायला मिळतात.

१७१० साली डच निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेट घेतले. लाबुर्दोने नावाचा फ्रेंच गव्हर्नर १७३५ साली आला. त्याने पोर्ट लुई बंदर बांधून काढले. उसाचे मळे वाढले. पण मळ्यांत राबणार कोण? आफ्रिकेतून आणि मादागास्कर बेटावरून माणसे धरून आणली. त्यांना गुलाम केले. गुलाम म्हणजे बाजारात विकलेले माणूस. त्याला मजुरी नाही. त्याची लेकरेही मालकाची.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. त्याची उंची ५५६ मीटर. त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आहेत. मळ्यातून पळालेले गुलाम या डोंगरात लपून राहत. १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट जिंकले. पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. नुकसानभरपाई मिळाली, ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना!

लोक एक कथा सांगतात. गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे गेले. वर लपलेल्यांना वाटले, आपल्याला पकडायलाच आले. म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. आज तिथे लोक हात जोडतात. २००८ साली ल मॉर्नचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले गेले.

३. आप्रवासी घाट

पोर्ट लुई बंदरावरच दगडी पायऱ्यांचा एक घाट आहे. त्याला आप्रवासी घाट म्हणतात. आप्रवासी म्हणजे बाहेरून येऊन वसलेला माणूस. पूर्वी याला कुली घाट म्हणत. हा तळ १८४९ साली बांधायला सुरुवात झाली. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. मॉरिशसला गेलेल्या भारतीय माणसाने काहीही चुकवावे, पण हा घाट चुकवू नये. कारण या पायऱ्या आपल्याच माणसांच्या पायांनी झिजल्या आहेत.

गुलामगिरी जाणार हे दिसताच मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. त्यांनी भारताकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाचे जहाज पोर्ट लुईला लागले. त्यातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पाच वर्षांचा करार. महिना पाच रुपये पगार. आज मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला त्यांची आठवण म्हणून सुटी असते.

त्यानंतर जहाजांमागून जहाजे लागली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून माणसे गेली. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. कराराला इंग्रजीत ॲग्रीमेंट म्हणतात. बोलण्यात त्याचे झाले गिरमिट. आणि जो गिरमिटावर गेला तो गिरमिट्या.

गावात दलाल येई. तो गोड बोले. काम हलके आहे म्हणे. हातावर काही पैसे आगाऊ ठेवी. आपल्या भाषेत सांगायचे तर उचल! दुष्काळ पडलेला, घरात दाणा नाही, सावकार दारात. माणूस हो म्हणे. त्याच्यापुढे कागद येई. नावासमोर तो फुली मारी किंवा अंगठा लावी.

हा भाग आमच्या वर्गात वाचला तेव्हा एका मावशीने विचारले, "गुरुजी, मंग त्या लोकाईनं कागद वाचून कावून नाही पाह्यला?"

दुसरे एक भाऊ म्हणाले, "मावशी, तुमी-आमी मागल्या वर्सी वाचत होतो काय?"

मावशी हसल्या, आणि मग सगळा वर्ग गप्प झाला. हेच उत्तर होते.

घाटावर उतरल्यावर प्रत्येकाला एक आकडा मिळे. वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहीत. पुढे तिकिटावर फोटोही लावू लागले. मग मजुरांची वाटणी मळ्यामळ्यांत होई.

मळ्यावर ऊस लावणे, खुरपणे, तोडणे, वाहणे. पहाटेपासून काम. एका दिवसाचा खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापत. आजारी पडला तरी सुटका नसे. पाच वर्षे संपली तरी जाच संपत नसे. १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिट्यांनासुद्धा फोटोचे तिकीट आणि पास बाळगावा लागे. रस्त्यात शिपायाने अडवले आणि पास नसला, तर तुरुंग. आपल्या गावातून शेजारच्या गावाला जाणे हाही गुन्हा होऊ शके.

आपल्या तांड्यांतल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. भारतातही इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मावरूनच जमातीला गुन्हेगार ठरवणारा तो कायदा. पुढे काही प्रांतांत बंजारा समाजालाही त्याचा फास बसला. चौकीवर हजेरी द्यावी लागे. गाव सोडायला परवानगी लागे. ज्या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख जगवले, त्यांचा धंदा आगगाडीने नेला आणि वर हा शिक्का बसला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला.

४. नऊ हजार लोकांचा अर्ज

त्याच १८७१ साली मॉरिशसमध्ये एक मोठी गोष्ट घडली.

आडोल्फ द प्लेविट्झ नावाचा एक गोरा मळ्यावर व्यवस्थापक होता. मजुरांचे हाल त्याला बघवेनात. त्याने मजुरांची गाऱ्हाणी ऐकून घेतली आणि एक अर्ज तयार केला. पगार अडवतात, दुप्पट कापतात, पासासाठी छळतात, विनाकारण पकडतात, असे सगळे त्यात लिहिले. या अर्जावर ९,४०१ जुन्या गिरमिट्यांची नावे पडली. एकट्या मजुराने तक्रार केली असती तर त्याला मार खावा लागला असता. नऊ हजार चारशे एक माणसांना कोण मारणार?

मळेवाले खवळले. प्लेविट्झला भर रस्त्यात मारहाण झाली. पुढे त्याला बेट सोडावे लागले. पण अर्ज राहिला. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेला कागद सरकारी टेबलावर बसून राहतो. १८७२ साली विलायतेहून चौकशीचे मंडळ आले. १८७५ साली त्याचा अहवाल निघाला. मजुरांची गाऱ्हाणी बहुतेक खरी ठरली. १८७८ साली मजुरांचा नवा कायदा झाला. सगळे दुःख काही संपले नाही, पण मोकाट जुलमाला आळा बसला.

पाहा, एका कागदाने हेच लोक बांधले गेले होते. दुसऱ्या कागदाने त्यांच्या गाठी सैल झाल्या.

५. मराठी वाडी आणि गंगा तलाव

मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोक पुष्कळ होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत. शेकड्यात दोघेसुद्धा भरणार नाहीत एवढी त्यांची संख्या लहान. तरी त्यांनी आपले मराठीपण टाकलेले नाही.

त्यांची आडनावे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. बाबाजी, सखाराम! घाटावरच्या कारकुनाने पणजोबाचे नाव जसे ऐकले तसे लिहिले. पुढे तेच घराण्याचे आडनाव होऊन बसले. मूळ आडनाव वहीत राहिले नाही, म्हणून आठवणीतूनही गेले. नाव कोण लिहितो आणि कसे लिहितो, याला एवढे महत्त्व असते.

गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. लोक गणपती डोक्यावर घेऊन, टाळ वाजवत, समुद्रावर किंवा नदीवर जातात. कोकणातला जाखडी नाच तिथे झाकरी या नावाने जिवंत आहे. शाळेत मराठी विषय शिकवतात. घरात मात्र बहुतेक सगळे क्रिओल भाषा बोलतात. फ्रेंच शब्द आणि गुलामांची बोली यांतून ती तयार झाली. सरकारी काम इंग्रजीत चालते.

मग भाषा टिकली कशी? बैठकीमुळे. दिवसभर ऊस तोडून आलेले लोक संध्याकाळी एका झोपडीत जमत. तिला बैठका म्हणत. कंदिलाच्या उजेडात कोणी रामायण वाची, बाकीचे ऐकत. तिथेच मुलांना अक्षरे शिकवत. सरकारी शाळा नव्हती, पगारी मास्तर नव्हता. आपला रात्रीचा वर्ग चालतो तो त्याच जातीचा.

बेटाच्या मध्यभागी, डोंगरावर एक तळे आहे. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साठून ते झाले. त्याला गंगा तलाव म्हणतात. महाशिवरात्रीला लाखो माणसे कावड घेऊन पायी तिथे जातात. वाटेत गावोगावचे लोक त्यांना पाणी आणि फराळ देतात. रामनवमीला आपल्याकडे जगदंबामातेच्या आणि संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला दूरदूरच्या तांड्यांतून माणसे चालत येतात, तशीच ही वाट भरून जाते. १९७२ साली भारतातून गंगेचे पाणी नेऊन या तळ्यात ओतले. काठावर शंकराची १०८ फूट उंच मूर्ती उभी आहे.

चालून भूक लागली तर रस्त्यावर डाळपुरी मिळते. शिजवलेली डाळ वाटून पोळीत भरतात, वर भाजी आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची ही तिखट बहीण. पैसे द्यायला रुपयाच लागतो, कारण त्यांच्या नाण्याचे नावही रुपया. त्यांच्या नोटेवर इंग्रजी आणि तमीळसोबत देवनागरी अक्षरेही छापलेली असतात. तुम्ही आता ती वाचू शकाल.

६. आणखी काय पाहावे?

पाम्प्लेमूस नावाच्या गावी जुनी बाग आहे. तिथल्या तळ्यात मोठमोठ्या परातींएवढी कमळाची पाने तरंगतात. पानांच्या कडा वर वळलेल्या असतात.

शामारेल येथे सात रंगांची माती आहे. तांबडी, तपकिरी, जांभळट अशा मातीच्या लाटा उन्हात वेगवेगळ्या चमकतात. जवळच मोठा धबधबा आहे.

बो प्लाँ येथे साखरेचा जुना कारखाना आहे. तो बंद झाल्यावर त्याचे संग्रहालय केले. ऊस, गुलामी, गिरमिट हा सारा इतिहास तिथे मांडला आहे.

पोर्ट लुईच्या एका संग्रहालयात १८४७ सालची दोन टपाल तिकिटे आहेत. एक निळे आणि एक तांबडे. एक पेनी-दोन पेन्स अशी किंमत, पण आज ती जगातल्या सर्वांत महाग तिकिटांत मोजतात.

आणि मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. घाटावरच्या जुन्या वह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. मॉरिशसचा माणूस तिथे जातो, पणजोबाचा आकडा शोधतो आणि त्या आकड्यासमोर गावाचे नाव वाचतो. मग तो भारतात येऊन ते गाव हुडकतो. जुलमासाठी ठेवलेली वही नातवंडांच्या अशी कामाला आली.

आपल्याकडे ढाडी लोक तांड्यांच्या वंशावळी गाऊन सांगत. गाणारा गेला की वंशावळही जाते. म्हणून लिहून ठेवावे. बंजारा समाजाचा वारसा दाखवणारे नंगारा संग्रहालय पोहरादेवीतच उभे राहिले आहे. त्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. शेजारचे पाहुणे आले की त्यांना ते दाखवा आणि तिथल्या पाट्या स्वतः वाचून दाखवा.

७. अक्षराने मत मिळवून दिले

आता या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

१९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून भारतात परत येत होते. त्यांचे जहाज काही दिवस पोर्ट लुईला थांबले. मुलांना शिकवा आणि देशाच्या कारभारात भाग घ्या, असे त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितले. १९०७ साली मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे गेले. त्यांनी कोर्टात मजुरांची बाजू मांडली आणि १९०९ साली 'हिंदुस्तानी' नावाचे वर्तमानपत्र काढले.

तरी मजुराला मत नव्हते. ज्याच्याजवळ मालमत्ता किंवा मोठी मिळकत, त्यालाच मत. १९४३ साली बेल व्ह्यू हारेल येथे ऊसमजुरांनी मजुरीसाठी काम बंद ठेवले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण गेले. त्यात अंजलाय कूपन नावाची मजूरबाई होती. ती गरोदर होती. आज तिच्या नावाने तिथे खेळाचे मोठे मैदान आहे.

पुढे नवा नियम आला. ज्या प्रौढाला बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एका भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येतील, त्याला मत! इंग्रजीच हवी असे नाही. हिंदुस्तानी, तमीळ, तेलुगू चालेल. मालमत्ता नसली तरी चालेल.

पण मळ्यातल्या मजुराला कुठे लिहिता येत होते?

बासदेव बिसुनदयाल नावाचे एक शिक्षक होते. १९३९ साली भारतातून शिकून ते मॉरिशसला परतले होते. त्यांनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव वर्ग उघडले. बैठकांत, झाडाखाली, ओट्यावर. दिवसा कोयता धरलेले हात रात्री पाटी धरू लागले. केस पिकलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेल्या बायका नाव लिहायला शिकल्या. मग साधी वाक्ये शिकल्या. मग अधिकाऱ्यापुढे जाऊन त्यांनी ती लिहून-वाचून दाखवली.

आधी साऱ्या बेटावर मतदार बारा हजारांहून कमी होते. १९४८ च्या निवडणुकीत ते सत्तर हजारांच्या वर गेले. निवडून आलेल्यांत निम्म्याहून अधिक सभासद भारतीय वंशाचे होते. कुलींच्या नातवंडांनी कायदे करणाऱ्या सभेत पाय ठेवला. आणि हे सारे कशाने झाले? थोड्या ओळी लिहिता-वाचता आल्याने.

१९५९ साली सर्व प्रौढांना मत मिळाले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. गांधीजी दांडीला मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले तो दिवसही १२ मार्च, साल १९३०. त्याची आठवण म्हणून तीच तारीख निवडली.

भारतात आपल्याला मतासाठी अशी परीक्षा द्यावी लागली नाही. आपल्या राज्यघटनेने निरक्षर माणसालाही मत दिले. ते योग्यच झाले. पण मत असले आणि वाचता आले नाही, तर दुसऱ्याने सांगितलेल्या चिन्हावर बोट जाते. मत आपले आणि अक्कल दुसऱ्याची!

८. आपण काय घ्यावे?

आपल्यापैकी पुष्कळांना मॉरिशसला जायला मिळणार नाही. पण उसाच्या फडावर आपल्या भागातली माणसे दरवर्षी जातात. दिवाळी झाली की ट्रक लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो. लेकरे कोपीत राहतात. खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल फिटली की नाही, हे सीझन संपला तरी कळत नाही. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो.

ते गिरमिट आता नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण न वाचलेला कागद आजही तितकाच धोक्याचा आहे. म्हणून पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. मुकादम नात्यातला असला तरी नाही.

दोन. उचल किती घेतली ते आकड्यात आणि अक्षरात, दोन्हींत लिहून घ्या. आकड्यापुढे शून्य वाढवता येते, अक्षर वाढवता येत नाही.

तीन. भाव काय, कमिशन किती, खाड्याला काय कापणार, हे आधी विचारून कागदावर आणा. कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

चार. स्वतःची छोटी वही करा. रोज तारीख घाला. किती ऊस तोडला ते लिहा. वजनाच्या पावत्या त्याच वहीत सांभाळा.

पाच. काही चुकले तर एकट्याने भांडू नका. चार-दहा कोयते मिळून लेखी अर्ज करा. नऊ हजार चारशे एक नावांची गोष्ट आठवा.

आपली सही वाकडी येते म्हणून पुष्कळजण लाजतात. लाजू नका. वाकडी सहीसुद्धा तुमची स्वतःची असते. सरळ अंगठा कोणीही धरून टेकवू शकतो.

शब्दार्थ

विषुववृत्त – पृथ्वीच्या मधोमध मानलेली आडवी रेघ
पोवळे – समुद्रातल्या बारीक जिवांपासून तयार होणारा दगडासारखा पदार्थ
आप्रवासी – बाहेरून येऊन राहिलेला
गिरमिट – कराराचा कागद
वारसा – वाडवडिलांकडून आलेली ठेव
अहवाल – चौकशीनंतर लिहिलेली हकीकत
वंशज – घराण्यात पुढे जन्मलेले लोक
कोपी – ऊसतोडीच्या तळावरची पाचटाची झोपडी

प्रश्न

१. पोहरादेवीला उन्हाळा असतो तेव्हा मॉरिशसला कोणता ऋतू असतो? का?
२. डोडो पक्षी कशामुळे नाहीसा झाला?
३. आप्रवासी घाटावर मजुरांची कोणती माहिती लिहून घेत?
४. १८७१ च्या अर्जावर किती नावे होती? एवढी नावे असल्याने काय फायदा झाला?
५. १९४८ साली मतदारांची संख्या एकदम कशी वाढली?
६. मॉरिशसचा मळा आणि आपल्याकडचा उसाचा फड यांत कोणत्या गोष्टी सारख्या आहेत? कोणत्या वेगळ्या आहेत? वर्गात बोला.

करून पाहा

अ. आपले नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव आणि मूळ गाव किंवा तांडा वहीत लिहा. नाव आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आईकडचीही नावे लिहा.

आ. घरात एखादी जुनी पावती किंवा करार असेल, तर तो वर्गात आणा. सगळे मिळून मोठ्याने वाचू.